अमेरिकन पेपरांतला रशिया: बातमी की बागुलबुवा?

जर्सीकर:
काल इथे एकाने ठोकून दिलं, "रशियाबद्दल खरं कळायला हवं तर अमेरिकन पेपर वाचा, बाकी सगळा प्रोपगंडा." डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा. 19 वर्षं झाली मला न्यू जर्सीत, 2017 ते 2019 रोज रात्री टीव्हीवर "आता ट्रम्प गेलाच" ऐकत जेवलोय. ते स्टील डॉसियर, म्हणजे ट्रम्प-रशिया संबंधांच्या आरोपांची एका माजी ब्रिटिश हेराची टिपणं, बझफीड या न्यूज साइटने जसंच्या तसं टाकलं, वर स्वतःच लिहिलं की खातरजमा झालेली नाही! वॉशिंग्टन पोस्टने डिसेंबर 2016 मध्ये छापलं की रशियन हॅकर व्हरमाँटच्या वीजग्रीडमध्ये घुसले, निघालं काय तर एक लॅपटॉप, तोही ग्रीडला न जोडलेला. शेवटी याची चौकशी करणाऱ्या म्युलरच्या रिपोर्टात ट्रम्पच्या प्रचारटीमचा रशियाशी कट सिद्ध झालाच नाही. मग दोन वर्षं आम्ही काय बघत होतो, सिरियल?

वाटाड्या:
जर्सीकर, अर्धाच रिपोर्ट वाचलात. त्याच म्युलरने रशियन लष्करी गुप्तचर खात्याच्या 12 जणांवर आरोपपत्र ठेवलं, 2016 च्या अमेरिकन निवडणुकीत रशियाचा हस्तक्षेप झाला हे स्पष्ट लिहिलं. आणि पोस्टने 2021 ला डॉसियरवरच्या जुन्या बातम्या दुरुस्त केल्या, सीएनएनमधल्या तिघांना 2017 ला रशियावरच्या एका बातमीपायी नोकरी सोडावी लागली. मॉस्कोत काय होतं? पुतीनवर टीका करणाऱ्या पत्रकार पोलितकोव्स्कायाला 2006 मध्ये राहत्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये गोळ्या घातल्या.

खवचट पेन्शनर:
आमच्यासाठी रशिया म्हणजे गुळगुळीत कागद. ते सोव्हिएत मासिक घरी यायचं, त्याचीच वह्यांना कव्हरं. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची विज्ञानाची पुस्तकं तर पाच-पाच रुपयांत.

चिंचपोकळीची चिंगी:
अय्या काका, तो वास!! माझ्याकडे अजून दोन आहेत, आईने बाकीची रद्दीत घातली, त्यावरून आम्ही महिनाभर बोलत नव्हतो.

वाटाड्या:
तोही प्रोपगंडाच होता बरं का, फक्त बाइंडिंग चांगलं होतं.

खवचट पेन्शनर:
असेना! त्या प्रोपगंडावर मी फिजिक्स शिकलो आणि 34 वर्षं नोकरी केली. तुमच्या अमेरिकन पेपरने काय शिकवलं? इराकमध्ये महासंहारक अस्त्रं आहेत हे?

जर्सीकर:
पुस्तकं बाजूला ठेवा हो, विषय काय चाललाय. 1996 ला रशियात येल्त्सिन राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकला तेव्हा टाइम मासिकाने कव्हरवर मिरवलं की अमेरिकन सल्लागारांनी त्याला कशी मदत केली. तेव्हा परक्या देशाच्या निवडणुकीत नाक खुपसणं ही शौर्यकथा होती! 2007 ला पुतीन टाइमचा 'पर्सन ऑफ द इयर', 2016 नंतर तोच हिटलर. रशिया तेवढा बदलला असेलही, पण यांना रशिया दिसतच नाही, यांना फक्त आपल्या घरातलं भांडण दिसतं, रशिया नुसता भिंतीवरचा आरसा.

वाटाड्या:
बदलला "असेलही"?? माझी भाची तिकडे एमबीबीएस करत होती. युक्रेनवर हल्ला झाला आणि मार्च 2022 मध्ये तिथे कायदा आला, सैन्याबद्दल 'खोटी माहिती' दिली तर 15 वर्षांपर्यंत कैद. पोरगी व्हिडिओ कॉलवर, मराठीत बोलतानासुद्धा युद्ध म्हणायची नाही, "मामा, ते लग्न अजून चालूच आहे" म्हणायची. आणि हे लग्न लागणार हे आधी कुणी छापलं? अमेरिकन पेपरांनीच, क्रेमलिन तेव्हा त्यांची टिंगल करत होतं. वॉल स्ट्रीट जर्नलचा बातमीदार गेर्शकोविच 16 महिने रशियात तुरुंगात होता, तोही आरसाच बघायला गेला होता का?

जर्सीकर:
बरं बाबा, 2022 ची बातमी खरी ठरली, घ्या, पेढे वाटा. पण तिथे जाऊन वार्तांकन करणारा गेर्शकोविच वेगळा आणि स्टुडिओत बसून पुतीनच्या मनातलं सांगणारे वेगळे. मी दुसऱ्यांबद्दल बोलतोय, पहिल्या पोस्टपासून.

वाटाड्या:
पहिल्या पोस्टमध्ये "अमेरिकन पेपर" लिहिलंय. वर जाऊन वाचा.

जर्सीकर:
वाचलं. भाची कशी आहे आता?

वाटाड्या:
नाशकात आहे, परीक्षेचा अभ्यास करतेय. विषय बदलू नका.

खवचट पेन्शनर:
चिंगी, ती दोन पुस्तकं विकायची असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. पाच रुपयांत मिळणार नाहीत हे माहितीये.