अनुभव धागा: गुंतवणूक म्हणून घेतलेली तुमची पहिली जागा

राहत्या घराचं सोडून द्या. भाड्यानं देण्यासाठी किंवा पुढेमागे विकण्यासाठी घेतलेली पहिली जागा कोणती, ठेच कुठे लागली, दुसरी घेताना काय बदललं ते लिहा. आकडे खरे द्या. बिल्डरांची नावं नकोत.

सुरुवात मीच करतो. २०११, डोंबिवली, वन आरके, साडेअकरा लाख. भाडं ४,५००. मेंटेनन्स, मालमत्ता कर, भाडेकरू बदलताना रिकामा गेलेला महिना हे सगळं वजा केल्यावर वर्षाला हातात ४० हजार. एफडीनं याच्या दुप्पट दिले असते! जागा भाड्यानं दिली म्हणून सोसायटी जी नॉन-ऑक्युपन्सी फी घेते, तीही मनाला येईल तेवढी लावायची. सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हा २००१ चा सरकारी आदेश दाखवल्यावर सेक्रेटरी माझ्याशी बोलायचे बंद झाले. दुसरा फ्लॅट घेताना आधी भाड्याचा हिशेब मांडला, मग किंमत विचारली.

गुंठामंत्री
मावळात दोन गुंठे घेतले, २०१३ मध्ये. "एनए (बिनशेती) होतंच आहे, साहेब," असं एजंट म्हणाला आणि मीही मान डोलावली. शेतजमिनीचे छोटे तुकडे विकायला मनाई करणाऱ्या तुकडेबंदी कायद्यामुळे दस्त नोंदवला जाईना, म्हणून नोटरीवर भागवलं. वर आमच्या घरात कुणी शेतकरी नाही, म्हणजे शेतजमीन नावावर होण्याचा प्रश्नच नव्हता. सातबारावर आजही मूळ मालकाच्या भावंडांची नावं आहेत. दर दिवाळीला मी त्यांना फराळ पाठवतो. एवढाच काय तो माझा ताबा. आता कुणी प्लॉट दाखवला की मी आधी फेरफार (मालकी बदलाची नोंद) मागतो, चहा नंतर.

नाशिकची सून
२०२१ मध्ये फ्लॅट एकट्या माझ्या नावावर घेतला, बाईच्या नावावर म्हणून मुद्रांक शुल्कात १ टक्का वाचला. नवऱ्याचं नाव जोडलं असतं तर सवलत गेली असती. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही. तेव्हा १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती, ती २०२३ मध्ये निघाली. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली इमारत निवडली, त्यामुळे जीएसटीही लागला नाही.

दुबईकर
घेण्याचं सगळे लिहितात, विकण्याचं लिहा. माझ्या खरेदीदाराला वाटलं, मला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापला की झालं. विकणारा अनिवासी असेल तर तो नियम लागू होत नाही, कपात बरीच जास्त होते. आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र येईपर्यंत सौदा मोडायच्या बेतात आला होता. अर्ज आधीच करा.

अजून भाडेकरूच
माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. तीन रविवार सॅम्पल फ्लॅट बघत फिरतोय. महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) साइटवर ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली ते आधी बघून जातो. पण त्या फ्लॅटमधले पलंग कुणी मोजलेत का? मी टेप घेऊन गेलो होतो. पाच फूट आठ इंच.