मदत हवी आहे : समाराहून आलेल्या झिगुल्योव्स्कोये बिअरची खरी चव कोणती समजावी?

नमस्कार.

माझा भाचा रशियात, समारा येथे वैद्यकीय शिक्षण घेत आहे. फेब्रुवारीत सुट्टीवर आला तेव्हा त्याने झिगुल्योव्स्कोये या तिथल्या फिकट लागर (कमी तापमानाला आंबवलेल्या) बिअरच्या अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या आणल्या. प्रवाशाला दोन लिटरपर्यंतच मद्य शुल्काविना आणता येते, तो हिशेब त्याने नेमका जुळवला होता. तीन बाटल्या नागपुरात माझ्याकडे राहिल्या आणि एक पुण्याला धाकट्या भावाकडे गेली. माझ्याकडच्या दोन बाटल्या उघडून झाल्या आहेत, आणि तिसरी उघडण्यापूर्वी येथील जाणकारांना विचारावे, असे वाटले.

भाच्याने या बिअरचे वर्णन इतके रंगवून केले होते की मी जवळजवळ परीक्षेला बसल्यासारखा बसलो. व्होल्गाच्या काठावर आल्फ्रेड फॉन वाकानो या ऑस्ट्रियन गृहस्थाने उभारलेल्या कारखान्यात १८८१ मध्ये पहिली बिअर तयार झाली आणि तो कारखाना आजही चालू आहे. त्याच्या शेजारीच लोक प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन ताजी बिअर भरून नेतात, आणि नदीकाठी बसून खारवलेल्या सुक्या मासळीबरोबर पितात. भाच्याच्या म्हणण्यानुसार तिला ताज्या पावासारखा वास येतो, जिभेवर ती हलकी वाटते आणि शेवटी थोडासा कडवटपणा राहतो.

माझा अनुभव असा. पहिली बाटली मेच्या अखेरीस उघडली. रंग स्वच्छ, फिकट सोनेरी. त्याबद्दल तक्रार नाही. फेस चांगला दोन बोटे वर आला, पण मिनिटभरात नाहीसा झाला. वासात आधी उकडलेल्या मक्याच्या कणसासारखे काहीतरी जाणवले आणि त्यामागून दुसरा एक वास आला, ज्याला मला नाव सापडेना. सौ. बिअर घेत नाहीत, परंतु त्यांचे नाक माझ्यापेक्षा तिखट आहे. ग्लास नाकाशी धरून त्या म्हणाल्या, "पावसात भिजलेल्या जुन्या वहीचा पुठ्ठा." अगदी तोच वास होता. चवीतही तो उतरला होता, आणि त्यावर जुन्या मधासारखा एक बसका गोडवा होता; कडवटपणा मात्र शोधूनही मिळाला नाही. दुसरी बाटली आठवड्याने उघडली. ती मी बर्फाच्या कप्प्यात इतका वेळ विसरलो की पहिल्या काही घोटांत थंडाव्याशिवाय काहीच कळले नाही. ग्लास जरा कोमट झाल्यावर पुठ्ठा पुन्हा हजर.

एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. या तिन्ही बाटल्या फेब्रुवारीपासून आमच्या स्वयंपाकघराच्या माळ्यावर होत्या. नागपूरचा मे कसा असतो ते येथे सांगायला नको. बाटल्या तपकिरी काचेच्या आहेत, माळ्यावर ऊन येत नाही आणि छापलेली मुदत अजून संपलेली नाही, म्हणून मी निर्धास्त होतो.

तर पहिला प्रश्न असा, की मका, पुठ्ठा आणि मधाचा गोडवा यांपैकी या बिअरचे स्वतःचे काय आहे आणि माझ्या माळ्याने तिला काय दिले आहे? दुसरा प्रश्न भावाच्या वतीने विचारतो. बाटलीवर ठळक अक्षरांत ११ टक्के लिहिले आहे आणि बारीक अक्षरांत त्याच्या निम्म्याहूनही कमी असा दुसरा आकडा आहे. भाचा सांगतो की मोठा आकडा "प्लोत्नोस्त" म्हणजे घनतेचा आहे. पण कशाची घनता, हे त्यालाही सांगता येत नाही. भावाने अकरा टक्के वाचून धास्ती घेतली आणि ती बाटली एखाद्या मोठ्या प्रसंगासाठी म्हणून पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्ये ठेवून दिली आहे.

प्रतिसाद, "खारकोव्हकर"

मी १९८३ ते १९८८ या काळात तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या खारकोव्हला अभियांत्रिकी शिकत होतो, त्यामुळे या नावाशी जुना परिचय आहे. सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे, की झिगुल्योव्स्कोये ही आमच्या वेळी एका कारखान्याची बिअर नव्हती. समाराच्या कारखान्यात हीच बिअर पूर्वी "व्हिएन्ना" या नावाने होत असे; १९३० च्या दशकात ते नाव जाऊन समाराजवळच्या झिगुली टेकड्यांचे नाव तिला मिळाले. हा बदल अन्नखात्याचे मंत्री अनास्तास मिकोयान यांच्या सांगण्यावरून झाला, असे तिथे सांगत. पुढे तीच कृती सरकारी मानक ठरली आणि देशभरातले कारखाने त्याच नावाने बिअर काढू लागले. साहजिकच प्रत्येक शहराची चव निराळी होती आणि आमच्या शहराची, खरे सांगायचे तर, बऱ्याचदा पाणचट असे. १९८५ च्या मे महिन्यात गोर्बाचोव्ह यांची दारूविरोधी मोहीम सुरू झाल्यावर तीही दुर्मिळ झाली आणि रांगेत उभे राहून मिळालेल्या मगात दोष काढण्याची आमची सवय आपोआप सुटली.

उकडलेल्या मक्याचा वास मला चांगला आठवतो. पुठ्ठ्याचा आठवत नाही. सुकी मासळी म्हणजे वोब्ला. ती टेबलावर आपटून मऊ करायची आणि मग सोलायची. आपल्याकडे भाजलेला सुका बोंबील तिची जागा उत्तम घेईल. शेंगदाण्यांवर थांबू नका.

प्रतिसाद, "माल्टवाला"

माझे काम बिअर तयार करण्याशी संबंधित आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आकड्याचे. तो ११ टक्के मद्यार्क नव्हे. मोड आणून वाळवलेली बार्ली, म्हणजे माल्ट, गरम पाण्यात भिजवून जो गोड काढा मिळतो, त्यात यीस्ट घालण्यापूर्वी विरघळलेले घटक किती आहेत, ते हा आकडा दाखवतो. शंभर ग्रॅम काढ्यात अकरा ग्रॅम, असा त्याचा अर्थ. ते बहुतांशी साखरच असते आणि यीस्ट तिचे मद्यार्क व वायू बनवते. या आकड्याला ०.४ ने गुणले की तयार बिअरमधल्या मद्यार्काचे आकारमानानुसार प्रमाण ढोबळमानाने मिळते. येथे ते साडेचार टक्क्यांच्या आसपास येईल. बारीक अक्षरांतला आकडा तोच असणार. आपल्या बंधूंना कळवा की ही बिअर आपल्याकडच्या स्ट्राँग बिअरपेक्षा पुष्कळच सौम्य आहे. बाटलीवर "स्वेत्लोये" असेही असेल. त्याचा अर्थ फिकट रंगाची एवढाच घ्यावा.

आता वास. मक्याचा वास डायमिथाइल सल्फाइडचा. फिकट माल्टमधल्या एका घटकापासून तो काढा तापताना तयार होतो आणि जोरदार उकळीत उडून जातो. थोडा मागे राहिला तर अनेक लागर बिअरमध्ये तो स्वभावाचाच भाग मानला जातो. तेव्हा मका कारखान्यातून आला. पुठ्ठा मात्र माळ्यावरचा आहे. बाटली कितीही काळजीपूर्वक भरली तरी किंचित प्राणवायू आत राहतो आणि साठवणीच्या काळात ट्रान्स-२-नोनेनलसारखी संयुगे मोकळी होतात, ज्यांचा वास अगदी सूक्ष्म प्रमाणातही ओल्या कागदासारखा येतो. मधाचा गोडवा आणि हरवलेला कडवटपणा हीसुद्धा म्हातारपणाचीच लक्षणे. तापमान दहा अंशांनी वाढले की या क्रिया साधारण दुप्पट-तिप्पट वेगाने होतात, म्हणजे फ्रिजमधले वर्ष आणि नागपूरच्या माळ्यावरचे काही आठवडे यांत फारसे अंतर उरत नाही. तपकिरी काच प्रकाशापासून वाचवते. प्रकाशाने हॉप्समधले (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधले) घटक मोडतात तेव्हा येणारा वास गंधकाच्या जातीचा, उग्र असतो आणि तो तुम्हाला आलेला नाही. काच उष्णतेला मात्र अडवत नाही. छापलेली मुदतही साठवणीची अट पाळली असे गृहीत धरूनच दिलेली असते. ती अट बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर शोधा.

फेस लगेच बसला त्याला बहुधा ग्लास जबाबदार आहे. भांडी घासण्याच्या साबणाचा किंवा तेलाचा अंश पुरेसा होतो. साध्या पाण्याने चारदा विसळून ग्लास उपडा वाळवा, बिअर सहा ते आठ अंशांवर असताना ओता आणि पुन्हा पाहा.

शेवटी, भाच्याचे वर्णन कारखान्याजवळच्या ताज्या बिअरचे आहे आणि तुमच्याकडे आली ती बाटलीबंद. तिच्यावर बहुधा "पाश्चराइज्ड", म्हणजे टिकावी म्हणून तापवून जंतू मारलेली, असे लिहिलेले असेल. या दोहोंची तुलना मुळातच न्याय्य नाही. खरी तुलना पुण्याच्या फ्रिजमधल्या बाटलीशी करा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. भाच्याकडून चिठ्ठी वाचवून घेतली. "पाश्चराइज्ड" लिहिलेले आहेच, आणि साठवणीच्या तापमानाची वरची मर्यादा आमच्या माळ्याच्या कितीतरी खाली निघाली.

भावाला अकरा टक्क्यांचा खुलासा वाचून दाखवल्यावर त्याने मोठ्या प्रसंगाची वाट न पाहता काल रात्रीच बाटली उघडली. ग्लास तुम्ही सांगितला तसा विसळला होता. मी आधी काहीही न सुचवता त्याला फक्त वास सांगायला लावले. तो म्हणाला, गाडीवरचे उकडलेले कणीस आणि थोडा पाव. पुठ्ठा वगैरे अजिबात नाही, शेवटी बारीकशी कडू चव आहे आणि फेस अर्ध्या ग्लासापर्यंत टिकला. सुका बोंबील घरात नव्हता म्हणून त्याने पापड भाजला.

तिसरी बाटली माळ्यावरून उतरवून फ्रिजमध्ये ठेवली आहे. ती सुधारणार नाही हे आता कळले आहे, तरीही ठेवली आहे. भाचा जुलैत येईल तेव्हा त्याच बिअरची एक नवी बाटली आणणार आहे. दोन्ही एकाच संध्याकाळी सारख्या ग्लासांत ओतून, कोणता ग्लास कोणता हे त्याला न सांगता चाखायला देईन आणि जे निघेल ते येथेच लिहीन.