जुन्या झेनच्या इंजिनात गाळ झालाय, ऑइल बदलण्याआधी फ्लश करू का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

गाडी मारुती झेन, पेट्रोल, २००३ ची, ९९३ सीसी. बाबांनी नवी कोरी घेतलेली, त्यामुळे विकायचा विषय घरात काढायचा नाही. आरटीओत पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण दोनदा करून झालंय. काटा ९१ हजारांवर आहे.

गेली आठ-नऊ वर्षं ही गाडी चिपळुणात घर ते बाजार आणि बाजार ते घर एवढीच फिरते. एका वेळचं अंतर दीड-दोन किलोमीटर. वर्षाला हजार-बाराशे किलोमीटर झाले तर झाले. ऑइल पाच हजारांवर बदलायचं हा बाबांचा नियम, आणि पाच हजार व्हायलाच चार वर्षं लागली. "गाडी चाललीच कुठे ऑइल खराब व्हायला?" असं त्यांचं म्हणणं.

मागच्या रविवारी मी ऑइल भरायचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट मलईसारखा थर. आत बॅटरी मारून पाहिलं तर भजी तळून तळून कढईच्या बुडाला धरतं तसं काळं काहीतरी चिकटलेलं. बोटाला लागलं ते साबणाने निघालं नाही. पट्टीवर ऑइल खालच्या खुणेच्या जरा वर, डांबरासारखं काळं. आणि मुख्य म्हणजे गाडी चांगली गरम झाली की उभ्या जागी डॅशबोर्डवरची लाल किटली (ऑइल प्रेशर कमी असल्याचा दिवा) मिणमिणते. जरा रेस दिली की विझते.

दोन मिस्त्री झाले. पहिला म्हणतो, जुनं ऑइल काढा, दोन लिटर डिझेल ओता, दहा मिनिटं इंजिन चालवू, सगळं धुऊन निघेल. दुसरा म्हणतो, डिझेल नको, फ्लशचा (इंजिन आतून धुणाऱ्या रसायनाचा) तयार डबा मिळतो, तो टाकू. बाबांचं मत तिसरंच: "हात लावू नका, त्या गाळावरच इंजिन टिकून आहे." यातलं कुणाचं ऐकू?

प्रतिसाद १

डबा टाका आणि मोकळे व्हा. मी माझ्या गाडीत दर सर्व्हिसिंगला टाकतो, सहा वर्षांत काही झालं नाही.

प्रतिसाद २

वरच्या मित्राच्या गाडीत ऑइल दर वेळी वेळेवर बदललं जातंय, त्यामुळे तिथे डब्याला धुवायला फारसं काही नाहीच. धागा काढणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. मी पस्तीस वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गाळ का झाला ते बाबांना सांगा. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. त्यातली थोडी पिस्टनच्या रिंगांवरून खाली चेंबरात (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं ते भांडं) उतरते, सोबत थोडं न जळलेलं पेट्रोल आणि काजळीही जाते. गाडी वीस-पंचवीस मिनिटं चालली की ऑइल तापतं आणि पाणी वाफ होऊन पीसीव्हीच्या (चेंबरातली वाफ बाहेर काढणारा व्हॉल्व्ह) नळीवाटे परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते तिथे, ओढलं जातं. दोन किलोमीटरमध्ये इंजिनचं पाणी गरम होतं, ऑइल होत नाही. मग ते पाणी आतच राहतं. ऑइलमध्ये घाण धरून ठेवणारी रसायनं असतात, ती अशाने लवकर संपतात, आणि घाण तरंगायची सोडून बसायला लागते. म्हणजे गाडी कमी चालली म्हणूनच ऑइल खराब झालं. अशा वापराला किलोमीटर बघायचेच नाहीत, सहा महिन्यांनी किंवा फार तर वर्षाने ऑइल बदलायचं.

आता लाल किटली. तुम्ही ती शेवटी लिहिलीत, मी तिथून सुरुवात करतो. चेंबरच्या तळाशी ऑइल पंपाची जाळी असते, सगळं इंजिन तिच्यातून पाणी पितं असं समजा. गरम ऑइल पातळ असतं, त्यात जाळी अर्धी तुंबलेली असेल तर आयडलिंगला (उभ्या जागी, रेस न देता) प्रेशर पडणारच. अशात वरून डिझेल किंवा फ्लश ओतलं की टॅपेट कव्हरखालची (इंजिनाच्या वरचं झाकण) खपली सुटते. ती विरघळून जात नाही, तुकड्यातुकड्याने खाली येते आणि उरलेली अर्धी जाळीही बंद करते. मग कॅमला आणि क्रँकच्या बेअरिंगना ऑइल मिळत नाही. ग्राहक म्हणतो, "तुमच्याकडून गेल्यावर शंभर किलोमीटरमध्ये इंजिन वाजायला लागलं," आणि तो खोटं बोलत नसतो.

म्हणून क्रम असा धरा. ऑइल स्विच (किटली पेटवणारा) काढून तिथे प्रेशरचा मीटर लावा आणि गरम इंजिनवर मोजा. नुसता स्विच गेला असेल तर थोडक्यात सुटलात. प्रेशर खरंच कमी असेल तर फ्लशचं नाव काढू नका, चेंबर उतरवा. काम कटकटीचं आहे, सायलेन्सरचा पुढचा पाइप सोडावा लागतो, पण जाळी हातात घेऊन ब्रशने धुता येते. टॅपेट कव्हरही उघडा आणि मोठी खपली प्लॅस्टिकच्या पट्टीने, चिंधीने काढा. खाली सांडू देऊ नका. कानाकोपऱ्यातलं राहिलं तर राहू दे.

प्रतिसाद ३

डिझेलचं माहीत नाही, पण आमच्या गावच्या एका मिस्त्रीने माझ्या ८०० मध्ये रॉकेल घालून इंजिन चालवलं होतं. धुऊन निघालं खरं. आठवड्याने मागच्या ऑइल सीलमधून गळती सुरू झाली, क्लचपर्यंत ऑइल. कडक झालेल्या सीलची फट त्या गाळानेच बुजली होती म्हणे. म्हणजे तुमचे बाबा अगदीच चुकीचं बोलत नाहीत 😄

प्रतिसाद ४

चिपळूण वाचून विचारतो. जुलै २०२१ च्या पुरात गाडी पाण्यात होती का? आणि ती पिवळट मलई फक्त झाकणाला आहे की पट्टीवरही? रेडिएटरचं पाणी कमी होतंय का? हेड गॅस्केट (इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं पॅकिंग) गेलं असेल तर गाळाची चर्चा नंतर.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. पुराच्या वेळी गाडी दापोलीला मावशीकडे होती, नशीब. मलई फक्त झाकणाला आहे, पट्टीवर नाही. रेडिएटरचं पाणी आठ दिवस खुणेवर बघतोय, हललेलं नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही.

प्रतिसाद २ वाले काका, डिझेल इतकं वाईट का? बरेच लोक करतात असं दिसतं.

प्रतिसाद २

पट्टीवर मलई नाही आणि पाणी स्थिर म्हणजे ती मलई वाफेचीच दिसते. कोकणातल्या पावसात थोडी होतेच. पण पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवून बघा. खुळखुळा वाजला पाहिजे. वाजला नाही तर तो तुंबलाय आणि वाफ आतच कोंडतेय. स्वस्तातली वस्तू आहे, बदलूनच टाका.

डिझेल वाईट एवढ्यासाठी की ते बेअरिंगमध्ये ऑइलसारखा जाड पडदा धरत नाही. ऑइल काढून नुसत्या डिझेलवर इंजिन चालवायचं म्हणजे दहा मिनिटं धातूवर धातू. शिवाय सगळं डिझेल चेंबरच्या बोल्टातून निथळत नाही. जे उरतं ते नव्या ऑइलला पातळ करतं.

तयार डबा त्यापेक्षा बरा. तो जुन्या ऑइलमध्येच मिसळायचा असतो, डब्यावर लिहिलेली दहा-पंधरा मिनिटं फक्त आयडलिंगला, रेस द्यायची नाही, रस्त्यावर तर न्यायचीच नाही, आणि गरम असतानाच काढून फिल्टरसकट बदलायचं. पातळ पिवळा थर असलेल्या इंजिनाला चालतं. खपली धरलेल्याला नको.

चेंबर परत बसवताना मिस्त्रीच्या शेजारी उभे राहा. सिलंट बेताने लावायला सांगा. आतल्या बाजूला ओघळलेला सिलंट सुटतो आणि पुन्हा त्याच जाळीत जाऊन बसतो.

धागाकर्ता (बारा दिवसांनी)

उशिरा लिहितोय, मिस्त्री मिळेपर्यंतच आठवडा गेला. डिझेलवाल्याने चेंबर उतरवायला नकार दिला, दुसरा तयार झाला.

मीटरवर प्रेशर खरोखरच कमी निघालं. चेंबर खाली आलं तेव्हा बाबाही खुर्ची टाकून बसले होते. तळाशी बोटभर काळा चिखल, आणि जाळीचा निम्म्याहून जास्त भाग लिंपलेला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मिस्त्रीला म्हणाले, "ही जाळी मला द्या, मी धुतो." जुना टूथब्रश घेऊन तासभर घासत होते.

पीसीव्ही व्हॉल्व्ह मुका होता, नवा टाकला. टॅपेट कव्हरखालचं निघालं तेवढं काढलं. नवं फिल्टर आणि साधं २०डब्ल्यू-४० ऑइल. किटली आता गरम असतानाही मिणमिणत नाही. परवा कुंभार्ली घाट चढून कराडला जाऊन आलो, मुद्दाम. परत आल्यावर झाकणाची मलई जवळपास गेलेली.

एक विचारायचं राहिलं. हे ऑइल चारच दिवसांत पुन्हा काळं पडलंय. आतलं उरलेलं धुतलं जातंय म्हणून, की अजून काही?

प्रतिसाद २

धुतलं जातंय. काळं दिसलं म्हणून घाबरू नका, काम करणारं ऑइल काळं होतंच. हे पाचशे किलोमीटरला फिल्टरसकट काढा. महागडं घेऊ नका, टाकूनच द्यायचंय. पुढचं हजारला. काढलेला फिल्टर फेकण्याआधी कापून उघडा. कागदाच्या घड्यांत काळे कण असतील तर अजून एक फेरी. चमकणारे धातूचे कण दिसले तर फोटो टाका, मग वेगळं बोलू.