ढवळी ११ वर्षांची आहे, गाठीचं ऑपरेशन करावं का?

बोरीकाठचा (अमळनेर तालुका):
नमस्कार मंडळी. आमची कोरडवाहू कपाशी आहे आणि घरात ढवळी आहे, गावठी कुत्री, वय ११. आईने तिला बसस्टँडमागून पदरात घालून आणली होती. नसबंदी केली नाही, चार वेतं झाली. मागच्या पावसाळ्यात शेवटच्या सडाजवळ सुपारीएवढी गाठ हाताला लागली. दुधाची असेल म्हणून मी सोडून दिलं. आता कपाशीची दुसरी वेचणी चालू आहे आणि गाठ लिंबाएवढी झाली आहे.

खाणं उत्तम. बाजरीची भाकरी दुधात कुस्करून दिली की ताटली चाटून लख्ख करते. सकाळी बैलगाडीमागे शेतापर्यंत येते, पण परतताना बांधावर दोनदा बसते. दुखत असेल म्हणून आबांनी आपल्या गुडघ्याची गोळी अर्धी करून तिला दोनदा दिली.

इथले डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, पण वयामुळे भुलीची जोखीम आहे. आबांचं एकच, "आते म्हतारी व्हयनी ती. तिले कापू नको." त्यामागचं कारण मला माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी आईला ऑपरेशनला आत नेलं, ती परत आली नाही. तेव्हापासून ढवळी आबांच्या खाटेखाली झोपते. रात्री त्यांना खोकल्याची उबळ आली की उठून उभी राहते, ते शांत झाल्याशिवाय बसत नाही.

टेबलावर तिला काही झालं तर आबांना काय तोंड दाखवू? आणि काही केलंच नाही, गाठ फुटली, तर ढवळीला? ज्यांनी यातून काढलं आहे त्यांनी सांगा.

रेल्वे क्वार्टर, भुसावळ:
भाऊ, आमच्या लॅब्राडॉरची गाठ १२व्या वर्षी काढली. पहिली रात्र ती सारखी कण्हत होती आणि मी तिच्याजवळ बसून स्वतःला शिव्या देत होतो. तिसऱ्या दिवशी दारात येऊन उभी राहिली. पुढे वीस महिने जगली, शेवटी किडनीने गेली. एक करा, भूल चालू असताना श्वास आणि ठोके बघायला वेगळा माणूस असणार का, हे आधी विचारा. आम्ही पहिल्या ठिकाणी विचारलं तर डॉक्टर एकटेच होते, म्हणून दुसरीकडे गेलो. घरी फरशीवर गोणपाट टाका, पाय घसरला तर टाके ताणतात.

जळगावची ताई:
आम्ही ऑपरेशन केलं नाही. राजा १३ वर्षांचा होता, हृदय मोठं झालेलं, डॉक्टरच नको म्हणाले. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. पण न कापता ठेवला म्हणजे तो शांतपणे जाईल, असं मी धरून चालले होते. एप्रिलमध्ये गाठ फुटली. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. दिवसातून तीनदा जखम धुवायचे तरी माशा बसायच्याच, एकदा अळ्याही पडल्या. मे महिन्यात त्याला इंजेक्शन देऊन जाऊ दिलं. दादा, नाही करायचं ठरवलंत तरी पुढे काय करायचं ते आजच डॉक्टरांशी बोलून ठेवा.

पशुवैद्य, धुळे:
आधी आबांची गोळी बंद करा. माणसांच्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, किडनी जाते. शी काळी होते का बघा, आणि ही गोळी दिल्याचं तुमच्या डॉक्टरांना सांगा.

नसबंदी न झालेल्या कुत्र्यांमध्ये ही गाठ नेहमीची आहे, बहुधा सडांच्या मागच्या दोन जोड्यांतच येते. साधारण निम्म्या गाठी कर्करोगाच्या निघतात. हाताने चाचपून ते कळत नाही, काढलेली गाठ तपासायला पाठवावी लागते. ३ सेंटीमीटरच्या आत असताना काढली तर निकाल चांगला असतो. तुमची त्यापुढे गेलेली दिसते, म्हणून आणखी थांबू नका.

पण कापण्याआधी छातीचा एक्सरे काढा. फुप्फुसात पसरलं असेल तर एवढ्या कापाकापीतून तिला नेण्यात मला अर्थ वाटत नाही. गाठीभोवतीची कातडी लाल, गरम, कडक होऊन पसरत असेल तरीही ऑपरेशन टाळतात. रक्तात क्रिएटिनिन (त्यावरून किडनी कळते) आणि प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) बघा. आपल्या भागात गोचिडतापाने प्लेटलेट्स खाली असतात आणि बाहेरून कुत्री ठणठणीत दिसते. तशीच टेबलावर घेतली तर रक्त थांबत नाही. नुसतं वय ११ म्हणून मी कुणाला नाही म्हणत नाही, हे रिपोर्ट बघून म्हणतो. सगळं ठीक असेल तर थंडीतच उरका.

बोरीकाठचा:
दहा दिवसांनी लिहितोय. गोळी त्याच दिवशी बंद केली. पिकअपमध्ये कापसाच्या गोणीवर बसवून ढवळीला धुळ्याला नेलं. आबा येणार नव्हते, गाडी सुरू केल्यावर टोपी घालून पुढे येऊन बसले. एक्सरे स्वच्छ आहे. किडनी ठीक. प्लेटलेट्स मात्र कमी, गोचिडतापच निघाला. अंगावर एक गोचीड दिसत नव्हती हो.

तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला ठेवून आबांनाच एक्सरे उजेडात धरून दाखवला. आबा बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, झोप लागेपर्यंत मला तिच्याजवळ थांबू द्याल का? डॉक्टर हो म्हणाले. आईच्या वेळी त्यांना दाराबाहेरच थांबवलं होतं. परतताना गाडीत एवढंच म्हणाले, "मंग करू."

आता चार आठवडे डॉक्सीसायक्लिन, मग पुन्हा रक्त, आणि प्लेटलेट्स वर आल्या तर संक्रांतीनंतर ऑपरेशन. ताई, तुम्ही लिहिलेलं मी आबांना वाचून दाखवलं.

एक अडचण आहे. ही गोळी रिकाम्या पोटी द्यायची नाही आणि दुधाबरोबरही नाही, आणि ढवळी दुधाशिवाय भाकरीला तोंड लावत नाही. वरणात कालवली तर गोळी तेवढी बाजूला काढून ठेवते. कुणी काय करतं ते सांगा.