मदत हवी आहे: परिषदेत किट-पॅकिंगची रांग तुंबू नये म्हणून काय करावं?

तीन दिवसांची व्यावसायिक परिषद आहे, साधारण ३०० प्रतिनिधी. पहिल्या दिवशी चहाच्या ३० मिनिटांच्या सुट्टीत निवारागृहासाठी स्वच्छता-किट भरायचे आहेत. किटमध्ये साबण, टूथब्रश, पेस्ट, कंगवा, रुमाल, मोजे आणि हाताने लिहिलेलं शुभेच्छापत्र. एका टेबलावर सहा-सात जण, वस्तू पुढे सरकवत जायच्या, अशी मांडणी ठरली आहे.

अडचण शुभेच्छापत्राची. बाकी वस्तू काही सेकंदांत पिशवीत पडतात, पत्राला मात्र दोन-तीन मिनिटं लागतात आणि अख्खी रांग तिथेच अडते. पत्रं नोंदणीच्या टेबलावरच आधी लिहून घ्यावीत का? की लिहिणाऱ्यांचं टेबल वेगळं ठेवावं? शिवाय अर्धे लोक सुट्टी सुरू होऊन दहा मिनिटांनी येतात, त्यांना मधेच कुठे उभं करायचं?

शॅम्पूच्या बाटल्या मुद्दाम वगळल्या आहेत. झाकण सैल राहिलं की शेजारचे मोजे वाया जातात.

दुसरा प्रश्न वेळापत्रकाचा: परिषदेत रक्तदानही ठेवायचं आहे, ते कधी बसवावं? दुसऱ्या दिवशी सकाळी ५ किमी धाव-चाल आहे. रक्तदान त्याच दिवशी नको, कारण रक्त दिल्यावर दिवसभर दमवणारा व्यायाम टाळायचा असतो. शिवाय नोंदणी, तपासणी, दान आणि नंतरची विश्रांती धरून माणशी पाऊण-एक तास जातो, म्हणजे चहाच्या सुट्टीत ते बसत नाही. तिसऱ्या दिवशी ठेवलं, तर त्याच संध्याकाळी लांबच्या प्रवासाला निघणारे कचरतील. सत्रं न बुडवता रक्तदान कुणी बसवलं आहे का? वेळा ठरवून दिल्या होत्या की येईल तसं?