अनुभव धागा: विश्वास तुमच्यापर्यंत कोणत्या माणसाने पोहोचवला?

रेव्हरंड ना. वा. टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने बायबल दिले, ही हकिकत आपल्या मंडळ्यांतून अनेकदा सांगितली जाते. त्यानंतर टिळकांनी पुष्कळ वाचले, स्वतःशी वाद घातला आणि १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंची वाट मात्र वेगळी होती. त्या काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या, परतल्यावरही आपले सोवळे सांभाळत राहिल्या, आणि पुढे त्यांच्यात जो बदल झाला तो रोजच्या सहवासातून आणि त्यांच्या स्वतःच्या विचारातून झाला. एकाच घरातल्या या दोन वाटांपैकी दुसऱ्या वाटेविषयी येथे लिहावे, अशी विनंती आहे. किती जणांचा बाप्तिस्मा झाला याचा हिशेब नको. फसलेले प्रयत्नही अवश्य लिहावेत.

निवृत्त शिक्षिका, नगर

संडे स्कूलमध्ये पाठांतराचे बक्षीस मी ओळीने चार वर्षे मिळवले होते, त्यामुळे कोणत्याही प्रसंगाला साजेसे वचन माझ्या जिभेवर तयार असे आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. शाळेतल्या एका सहकारी बाईंचे यजमान अचानक वारले, तेव्हा मी तेविसावे स्तोत्र आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय मनात घोळवतच त्यांच्या घरी गेले. दारातच त्या म्हणाल्या, "बाई, आज काही सांगू नका. नुसत्या बसा." मी बसले. समोर कुणीतरी आणून ठेवलेली मेथीची जुडी होती, ती निवडायला घेतली. पुढे महिनाभर शाळा सुटली की मी त्यांच्याकडे जात असे. कधी भाजी निवडली, कधी त्यांच्या मुलाचे गणित तपासले, तर कधी निवृत्तिवेतनाचे अर्ज भरून दिले. निघताना चपला घालण्यापूर्वी मी उंबऱ्याशी क्षणभर डोळे मिटत असे, तेवढेच. पावसाळा संपत आला तेव्हा त्यांनी विचारले, "तुम्ही रोज दारात उभ्या राहून काय म्हणता?" त्यांच्यासाठी काय मागत होते ते मी सांगितले, आणि त्या दिवशी प्रथमच तेविसावे स्तोत्र आम्ही दोघींनी मिळून वाचले. त्या आजही आपल्या देवघरात सांजवात लावतात. गुड फ्रायडेला मात्र वधस्तंभावरील सात उद्गारांच्या उपासनेला माझ्या शेजारी बसतात आणि सातवा उद्गार होईपर्यंत उठत नाहीत.

संगणक अभियंता, पुणे

माझा अनुभव उलटा आहे. वसतिगृहात असताना पुनरुत्थानाच्या पुराव्यांवरची पुस्तके वाचून मी खोलीतल्या मित्राशी रात्र रात्र वाद घातला आणि त्याचा प्रत्येक मुद्दा खोडून काढला. सत्र संपल्यावर त्याने खोली बदलून घेतली. त्याचे वडील त्या काळात आजारी होते, हे मला दुसऱ्याच मुलाकडून कळले.

गृहिणी, नाशिक

मी ख्रिस्ती नाही, तरीही लिहिते, कारण 'नातेसंबंधातून विश्वास' या शब्दांची दुसरी बाजूही पुढे यायला हवी. माझ्या बाळंतपणानंतर एक कुटुंब आमच्याशी फार जिव्हाळ्याने वागू लागले. डबा येई, मुलीला सांभाळणे होई, नाताळला करंज्यांचे ताट येई. दोन वर्षांनी त्यांनी स्पष्टच विचारले आणि मी तितक्याच स्पष्टपणे नकार दिला. त्यानंतर ताट येणे थांबले. त्या करंज्यांपेक्षा मला त्या बाईंशी होणाऱ्या गप्पांची उणीव अधिक भासली. आता आमच्या इमारतीत दुसरे एक ख्रिस्ती आजोबा राहतात. त्यांनाही मी एकदा तसाच नकार दिला आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीप्रमाणे माझ्या मुलीला शाळेच्या बसपर्यंत सोडायला आले. त्यांच्याकडून मी अधूनमधून येशूचे दाखले ऐकते.

परिचारिका, मिरज

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली येथे रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून या गावाला औषध आणि प्रार्थना एकत्र पाहण्याची सवय आहे. त्यामुळे प्रार्थना उरकून टाकण्याची सवयही आम्हाला लवकर लागते. माझ्या प्रशिक्षणाच्या काळात एका वयस्कर सिस्टरांचा नियम होता की, रुग्णाला घरी कोण कोण आहे हे विचारल्याशिवाय त्याच्यासाठी प्रार्थना करायची नाही, आणि रुग्णाने नको म्हटले तर उशी नीट करून निघायचे. रात्रपाळीत हा नियम पाळायला किती वेळ लागतो, हे केलेल्यालाच कळेल.

निवृत्त कारकून, दौंड तालुका

माझी पणजी १८९७च्या दुष्काळात अनाथ झाली आणि पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात वाढली. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथल्याच छापखान्यात छापले गेले आणि खिळे जुळवण्यापासूनचे काम तेथल्या मुलीबायकांनी केले, हे पुष्कळांना ठाऊक आहे. पणजीही त्या कामावर होती. उलटी अक्षरे वाचण्याचा तिला इतका सराव झाला होता की, म्हातारपणी ती नातवंडांना आरशातले वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. शास्त्राचे शब्द तिच्या बोटांखालून एकेक अक्षराने गेले होते. तरीही तू येशूवर विश्वास कसा ठेवलास, असे माझ्या आजीने विचारले की ती छापखान्याचे नावही काढत नसे. ती सांगे, ते इतकेच: आली तेव्हा तिच्या डोक्यात उवा आणि खरजेच्या खपल्या होत्या, कुणी जवळ घेत नव्हते, आणि तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असलेली एक मुलगी रोज दुपारी तिला पायरीवर बसवून, खपली दुखू नये म्हणून आधी तेल जिरवून, मग फणी फिरवीत असे. त्या मुलीचे नाव पणजीने आपल्या पहिल्या लेकीला ठेवले. ती पहिली लेक म्हणजे माझी आजी.