मदत हवी आहे: अ‍ॅनोरेक्सिया झालेल्या भाचीला ‘तू जाड नाहीस’ हे पटवत राहावे का?

सर्वांना नमस्कार.

माझ्या सतरा वर्षांच्या भाचीला अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा (वजन वाढण्याच्या तीव्र भीतीने खाणे कमी करत जाण्याचा मानसिक आजार) असल्याचे निदान मानसोपचारतज्ज्ञांनी केले असून उपचार सुरू होत आहेत, त्यामुळे निदानाविषयी शंका नाही. स्वतःच्या शरीराविषयी ती जे बोलते त्याला घरच्यांनी काय उत्तर द्यायचे, एवढ्याचसाठी हा धागा आहे. वजनाचे आकडे मुद्दाम देत नाही. याच आजाराने ग्रासलेले कोणी वाचत असेल तर त्याला त्या आकड्यांशी स्पर्धा करावीशी वाटू शकते.

सुरुवात उपासांनी झाली. आधी चतुर्थी, मग गुरुवार, मग श्रावणातले सोमवार आणि शनिवार, आणि आजीला नातीच्या श्रद्धेचे कौतुक. पुढे उपासाची खिचडीसुद्धा तेलकट ठरली. दरम्यान एका लग्नात ‘किती छान बारीक झालीस’ असे जो तो म्हणत होता. पाळी थांबल्यावर ताई तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली आणि तिथून आम्ही मानसोपचारांपर्यंत पोहोचलो.

मला चक्रावून टाकणारी गोष्ट अशी की तिला वास्तव कळत नाही असे म्हणता येत नाही. वजनकाट्यावरचा आकडा ती अचूक सांगते. एवढ्याच वजनाची मैत्रीण असती तर तिला तातडीने डॉक्टरांकडे न्यायला हवे, असेही म्हणते. स्वतःला मात्र तो नियम लागू नाही. ताईने शिवणाची टेप आणून कंबर मोजली, तेव्हा माप मान्य करून ती म्हणाली, “टेप खोटी नाही गं आई, पण मी किती पसरलेय ते मला आतून कळतं.” दोन घास पोळी खाल्ली की पोट पुढे आल्याचे सांगते, बटाटेवड्याचा नुसता विचार आला तरी अंग जड झाल्यासारखे वाटते म्हणते, आणि आई आपल्याला मुद्दाम फुगवते आहे अशी तिची खात्री आहे. गणपतीत मात्र घरभरासाठी मोदक तिनेच वळले. स्वतः एकही खाल्ला नाही.

थोडे वाचन केले. शरीरप्रतिमेतील, म्हणजे स्वतःच्या शरीराच्या मनातल्या चित्रातील, बिघाड हा या आजाराचा गाभा असल्याचे हिल्डे ब्रुख या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९६२ मध्ये मांडले होते. नेदरलँड्समधील २०१३ च्या एका प्रयोगात निरोगी स्त्रिया खांद्यांच्या रुंदीपेक्षा २५ टक्के रुंद फटीतून जाताना अंग तिरके करू लागत, तर या आजाराच्या रुग्ण ४० टक्के रुंद फटीतूनही तसेच जात. त्यांचे लक्ष त्या वेळी दुसऱ्याच कामात गुंतवलेले होते. म्हणजे हा केवळ हट्ट किंवा दिखावा नसावा. मग ‘अगं, हाडं दिसतायत तुझी’ हे रोज सांगण्याचा काही उपयोग होतो का? गप्प बसलो तर तिचे म्हणणे आम्हाला मान्य आहे असे तिला वाटेल, ही ताईची भीती. आधी हा समज जायला हवा आणि मग ती जेवू लागेल, की उलट? आणि आजीला उपासांविषयी कसे सांगावे?

प्रतिसाद १

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. रुग्णाला न पाहता लिहीत असल्याने तुमच्या डॉक्टरांचा शब्द अंतिम समजावा.

वाद घालू नका आणि दुजोराही देऊ नका. ‘तुला तसं वाटतंय आणि त्याचा त्रास होतोय, हे मला दिसतंय, मला तसं दिसत नाही, आता जेवायची वेळ झाली आहे,’ एवढे पुरे. टेप, जुने फोटो, आरसा हे पुरावे म्हणून पुढे करू नयेत, कारण मोजणे आणि चाचपणे हेच तर तिचे दिवसभराचे काम असते आणि त्यात आपण भर घालतो. ‘हाडं दिसतायत’ हे वाक्य पुष्कळ रुग्णांना शाबासकीसारखे ऐकू येते. ‘आता तब्येत सुधारलेली दिसते’ याचा अर्थही ‘जाड झालीस’ असाच लागतो, म्हणून पाहुण्यांना शरीराविषयी काहीही न बोलण्याची आधीच ताकीद द्या.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘उलट’ असे आहे. उपासमार स्वतःच विचार आक्रसून टाकते. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी पुरुषांना सुमारे सहा महिने अपुऱ्या आहारावर ठेवले होते; ते चिडचिडे झाले, त्यांच्या मनात सतत अन्न घोळू लागले आणि काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. भाचीच्या मोदकांकडे या दृष्टीने पाहा. पोट फुगल्याची तक्रारही निव्वळ कल्पना नव्हे: दीर्घ उपासमारीत जठर रिकामे व्हायला वेळ लागतो. ती संवेदना खरी असते, तिचा लावलेला अर्थ चुकीचा असतो. वजन सावरल्यावरही शरीराविषयीचे समज बरेच दिवस रेंगाळतात. त्यामुळे ते जाईपर्यंत जेवणासाठी थांबून चालत नाही.

मात्र आहार घरच्या घरी एकदम वाढवू नका. फार खंगलेल्या शरीराला अचानक भरपूर अन्न मिळाले तर रक्तातील फॉस्फेट धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, म्हणून वाढ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हवी. चक्कर येऊन पडणे, नाडी फार मंद होणे, छातीत दुखणे यांपैकी काही झाले तर थेट रुग्णालय गाठा. जगणे नकोसे झाल्याचे बोलली तर तिला एकटी सोडू नका, डॉक्टरांना लगेच कळवा. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ वर उपलब्ध आहे.

प्रतिसाद २

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात विकसित झालेल्या कुटुंबाधारित पद्धतीने माझ्या मुलीवर उपचार झाले. तीत सुरुवातीला जेवणाचे सर्व निर्णय आईवडील घेतात आणि मूल वेगळे, आजार वेगळा असे धरून चालतात. तिची ओरड ऐकताना ‘हे आजार बोलतोय’ असे मनाशी म्हणता आले की आपला आवाज चढत नाही. तुमच्या डॉक्टरांना या पद्धतीविषयी अवश्य विचारा. ताटावर गणित, राजकारण, मांजर, काहीही विषय चालेल. अन्न आणि अंग सोडून.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आजीचा प्रश्न सुटला: आजारी माणसाला उपास करायला लावू नये, हे तिच्याच गुरुजींनी तिला फोनवर सांगितले. मॉड्स्ली पद्धतीबद्दल डॉक्टरांना विचारणार आहे. आता अडचण कॉलेजच्या डब्याची आहे. तो खाल्ला जातो की नाही, हे तिच्यावर पाळत ठेवल्यासारखे न वाटता कसे पाहता येईल? की काही काळ तिने दुपारी घरीच जेवायला यावे? कोणी हे केले असल्यास कृपया लिहावे.